सूज शे, उतरी जाई

भाऊंनी बायकोच्या कपाळावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे, तवा तापला का बघावं तसं जरा थांबायचं आणि मग आमच्याकडे वळून म्हणायचं, "सूज शे, अक्का. उतरी जाई."

रोज हेच. तुम्ही म्हणाल, कपाळाला हात लावून मेंदूची सूज कळते का कुठं? अहो, आम्हाला तरी काय ठाऊक! त्यांनी एवढ्या भरवशानं सांगितलं की आम्हीही मान हलवायचो.

धुळ्यात आमच्या समोरच्या दोन खोल्यांत ते राहायचे. एसटीत कंडक्टर होते. गल्लीत मी सगळ्यांची अक्का, तसे ते सगळ्यांचे भाऊ. मूलबाळ नव्हतं, पण घर कधी सुनं वाटलं नाही, कारण वहिनी बोलक्या. भाऊ ड्यूटीहून आले की त्या दारातच आडव्या यायच्या. "ओ कंडक्टर, जागा शे का?" भाऊ खाकी टोपी काढत म्हणायचे, "उभी राह्य." रोजची तीच थट्टा, आणि दोघं रोज नव्यानं हसायची. आता तुमच्यापासून काय लपवायचं, आम्ही बायका पापड लाटता लाटता ते ऐकायला कान लावून बसायचो.

शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. भाकरी थापता थापता वहिनी एका अंगावर कलंडल्या. पिठानं भरलेला उजवा हात परातीत तसाच राहिला. वाचाही गेली. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते, फार सरळ माणूस. ते म्हणाले, "मेंदूतली रक्ताची नळी बंद पडलीय. आता मेंदूला सूज आहे. ती उतरू द्या, मग बघू."

भाऊंनी त्यातला एकच शब्द उचलला. सूज. नळी त्यांनी पाहिली नव्हती, मेंदू पाहिला नव्हता, पण सूज आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पाय मुरगळला, सूज आली, आंबेहळद लावली, उतरली! वहिनींना घरी आणलं त्याच दिवशी त्यांनी सहाणेवर आंबेहळद उगाळली, कोमट केली आणि बायकोच्या डोक्यावर थापली. त्या दिवसापासून वहिनींची उशी पिवळी ती पिवळीच.

आणि मग सुरू झाला शोध. कंडक्टर माणूस, गावोगावचे लोक रोज समोर. तिकिटाला पंच मारताना विचारायचे, "भाऊ, तुमना गावले लकवानं औशद कोनी देस का?" पुढून ड्रायव्हर ओरडायचा, "मास्तर, डबल बेल द्या ना आता, गाडी इथंच मुक्कामी ठेवायची का?" पण लोक सांगायचे हो! आपल्या लोकांना औषध विचारलं आणि कोणी गप्प बसलं, असं कधी झालंय का? पारोळ्याच्या बाजारातून एका म्हाताऱ्याचं तेल आलं. त्याच्या वासानं आमची मांजर गल्ली सोडून गेली. फैजपूरकडच्या कोणी केळीच्या खोडाचं पाणी पाजायला सांगितलं. भाऊंनी आणलेला खोडाचा तुकडा एवढा मोठा की तो दारातून आत जाईना.

वहिनींना हाक मारता येईना, म्हणून भाऊंनी डेपोतल्या मेकॅनिककडून भंगारातली घंटी मागून आणली. खाटेच्या वर टांगली आणि दोरी वहिनींच्या डाव्या हाताशी सोडली. नियम एसटीचाच. एक टोल म्हणजे थांब, दोन टोल म्हणजे चालू दे. पाणी पाजताना पुरे झालं की एक. तेल चोळताना बरं वाटलं की दोन. गल्लीभर टणटण चालायची.

एकदा नरडाण्याच्या कोणी सांगितलं, कबुतराचं रक्त लावा, हात उठेल. भाऊ पिशवीतून कबूतर घेऊन आले. किडामुंगी बाजूला सारून चालणारा तो माणूस, हातात सुरी धरून नुसता उभा. वहिनींनी पाहिलं आणि दोरी ओढली. एकच टोल. भाऊंनी कबूतर सोडून दिलं. ते मेलं जाईना! आमच्याच पत्र्यावर राहिलं आणि माझ्या पापडांवर घाण करत बसलं. मी तक्रार केली की भाऊ म्हणायचे, "राहू द्या अक्का, त्याले तिनं वाचाडेल शे."

पुढं वहिनींना तपासायला तेच डॉक्टर घरी आले. पिवळं डोकं बघून थबकले. भाऊ म्हणाले, "तुम्हीनच सांगं ना साहेब, सूज शे म्हनीसन."

डॉक्टर हसले नाहीत. खाटेच्या कडेवर बसले. म्हणाले, "भाऊ, ती सूज कवटीच्या आत होती. कधीच उतरली. पण तेवढ्यात मेंदूचा जो भाग मेला, तो परत जिवंत करायचं औषध नाही. इथं नाही, मुंबईत नाही. मोठमोठी माणसं शोधतायत अजून."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल. भाऊ दारापर्यंत डॉक्टरांना पोचवून आले, सहाण पुढं ओढली आणि आंबेहळद उगाळायला बसले.

"भाऊ, ऐकलं ना?" मी म्हटलं.

"ऐकं ना. त्या बी शोधी राह्यनात, मी बी शोधी राह्यनू." सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकले. "फक्त एकदा म्हनाले पाहिजे तिनं. ओ कंडक्टर. मंग काही नको."

जाताना डॉक्टर त्यांनाही म्हणाले होते, तुमचंही ब्लडप्रेशर बघून घ्या एकदा. पण बघणार कधी? सगळं लक्ष त्या एका कपाळाकडे.

एका सकाळी ते स्टँडवरच पडले. हातात तिकिटांची पेटी तशीच. मी दवाखान्यात धावले. डॉक्टर तेच. माझ्याकडे न बघता म्हणाले, "डोक्यात रक्तस्राव झालाय, अक्का. मेंदूला फार सूज आहे."

मी घरी आले आणि सहाण घेऊन बसले. मला ठाऊक होतं हो, सगळं ठाऊक होतं. तरी आंबेहळद उगाळत राहिले. ती वाटीत वाळायच्या आत निरोप आला.

डेपोतली माणसं खाकीतच आली होती. तिरडी त्यांनीच उचलली. दारातून दोन पावलं गेली असतील, तोच आतून घंटी वाजली. एक टोल.

ती सगळी माणसं जागच्या जागी थांबली. कोणी सांगितलं नाही, सवयीनंच पाय थांबले. तिरडी खाली ठेवली. आम्ही दोघी-तिघींनी वहिनींना उचलून बाहेर आणलं. त्यांनी डावा हात पुढं केला, भाऊंच्या कपाळावर ठेवला आणि डोळे मिटले. ओठ हलले. मी कान देऊन होते, आम्ही सगळ्याच होतो. आवाज नाही आला.

त्यांनी खाटेकडे बोट दाखवलं. परत नेऊन बसवलं, दोरी हातात दिली. त्या दोरी धरून बसून राहिल्या. बाहेर कोणीही घाई केली नाही.

मग त्यांनी दोन टोल दिले.