डाव्या टाचेवरची खूण

“टीबी ऑफ द स्पाइन,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे मणक्याचा क्षयरोग. मला हसूच आलं. टीबी म्हणजे खोकला, एवढंच मला ठाऊक, आणि मी तर एकदाही खोकलो नव्हतो. साबणाच्या कारखान्यात पाइप उचलताना उसण भरली असेल म्हणून दोन महिने मलम चोळत राहिलो. मग पायांना मुंग्या आल्या, पाय जड झाले आणि एका सकाळी खाटेवरून उतरताना सरळ जमिनीवर बसलो. तेव्हा कुठे दवाखाना आठवला. तुमची पाठ महिनाभर दुखत असेल आणि संध्याकाळी अंगात कणकण येत असेल, तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. दोन मणके कुरतडल्यासारखे दिसत होते. शेजारी ‘ॲब्सेस’ होता, म्हणजे पुवाची पिशवी, आणि ती पायांकडे जाणाऱ्या नसांना दाबत होती. मोडक्या इंग्रजीत ते सावकाश म्हणाले, “गोळ्या आजपासून देतो. पण पू काढायचं ऑपरेशन इथे होत नाही. सहा आठवड्यांच्या आत तुझ्या देशात जा. नंतर पाय परत येतील असं मी सांगू शकणार नाही.”

हे सगळं पश्चिम आफ्रिकेतल्या एका छोट्या देशात, नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस. मी पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीतला. आधी महाडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होतो, बिरवाडीत धाकट्या भावाबरोबर, पांडूबरोबर, खोली घेऊन राहायचो. एजंटानं दुप्पट पगार सांगितला आणि मी विमानात बसलो. आता परतायचं तर पासपोर्ट हवा. तो कारखान्याच्या तिजोरीत होता, आणि मालक कारखान्याला टाळं लावून कधीच पसार झाला होता. त्या देशात भारताची वकिलातही नव्हती.

जिथे आपली वकिलात नाही, तिथे दुसऱ्या देशाची वकिलात आपल्या माणसाला मदत करू शकते, हे मला तिथे खाटेवर कळलं. डॉक्टरांनी फोन केला आणि इंग्रजांच्या वकिलातीतून एक बाई आल्या. खुर्ची ओढून बसल्या, मला जेवण जातं का ते विचारलं, मग कागद काढला. एकदाच वापरायचा प्रवासाचा दाखला त्या देणार होत्या, पण मी भारतीय आहे हे भारतानं कळवायला हवं होतं. माझं नाव-गाव दिल्लीला गेलं, तिथून अलिबागला, अलिबागहून पोलादपूरला.

मी उताणा पडून राहिलो. कूस बदलायला दोन नर्स लागत. ‘कॅथेटर’, म्हणजे लघवीची नळी, लावलेली होती. टीबीच्या गोळीनं लघवी लाल होते, ती पिशवीत लाल दिसली की सकाळची गोळी झाली असं समजायचं. बाकी दिवस कसा गेला हे सांगण्यासारखं काही नसायचं. खिडकीतून लोक चालताना दिसत आणि मला त्यांचा राग यायचा.

तिसऱ्या आठवड्यात बाई आल्या त्या बसल्या नाहीत. पोलादपूरहून उत्तर आलं होतं. या नावाचा माणूस मुंबईत नोकरीला आहे, परदेशात गेलेला नाही, असं त्याची आई सांगते.

आई खोटं बोलली नव्हती. खोटं मी बोललो होतो. तिचा भाऊ जहाजावर खलाशी म्हणून गेला तो परत आलाच नाही. परदेशाचं नाव काढलं की ती ताटावरून उठायची. म्हणून मी मुंबईला नोकरी लागली असं सांगून निघालो होतो. पांडू महिन्याच्या महिन्याला वाडीत जाऊन माझी खुशाली मुंबईची म्हणून सांगायचा. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला, त्यात मीही खपून गेलो. हवालदार डोंगर चढून गेला आणि तिनं तिला माहीत होतं तेच सांगितलं. मालकाला शिव्या घालायची सोय होती, आता तीही उरली नाही.

मला स्ट्रेचरवरून दवाखान्याच्या ऑफिसात नेलं. फोन लावून बिरवाडीत खोलीखालच्या एसटीडी बूथवर पांडूला बोलावलं. आईला सांग म्हणालो. तो साफ नाही म्हणाला.

“दोन वर्सं तुझं खोटं मी वर नेलं. आता खरं काय ते तूच सांग.”

गुरुवारी तो तिला पोलादपूरच्या बूथवर घेऊन आला. मी सगळं सांगितलं, देश, टीबी, पाय. आईनं एवढंच विचारलं,

“म्हंजे गणपतीत मुंबयच्या यष्टीकडं बघत बसले, ती उगाच?”

“होय गो आये.”

तिनं फोन ठेवून दिला. रागावली असं मला वाटलं. पांडूनं नंतर सांगितलं, ती बूथवरून तडक पोलीस ठाण्यात गेली आणि जबाब लिहून होईपर्यंत उठली नाही.

पाचव्या आठवड्यात दिल्लीहून आईच्या जबाबाचा फॅक्स आला. बाईंनी वाचून दाखवला. डाव्या टाचेवर कोयत्याची खूण, नवव्या वर्षी गवत कापताना लागलेलं, आईनं हळद भरून बांधलं होतं. बाईंनी माझी परवानगी विचारून चादर वर केली आणि खुणेवर बोट ठेवलं. त्या हसल्या. मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो. ते टेकलेलं दिसत होतं, पण मला स्पर्श कळलाच नाही, आणि मी रडलो.

त्याच आठवड्यात दाखला हाती आला आणि मुंबईत ऑपरेशन झालं. “पू काढलाय, आता वाट बघायची,” एवढंच सर्जन म्हणाले. पुढे रेल्वेनं वीर स्टेशनला उतरवलं, रिक्षात पांडूच्या मांडीवर पाय ठेवून बिरवाडीला आणलं. वाडीची चढण मला शक्य नव्हती, म्हणून आईच खाली खोलीत येऊन राहिली. रोज सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की ती माझ्या पायाशी बसायची, टाच दाबायची आणि विचारायची, “लागतंय काय रे?” मी नाही म्हणायचो. तिचा चेहरा बघवेना, म्हणून एकदा डोळे मिटूनच म्हणालो, “लागतंय.”

“मी अजून हात लावला नाय,” ती म्हणाली.

पुढचे कितीतरी दिवस मी खरं तेच सांगितलं, नाही. मग एका सकाळी टाचेवर काहीतरी ओझरतं टेकलं. मी सांगितलं तर तिला पटेना. तिनं पदर माझ्या डोळ्यांवर टाकला आणि हात फिरवत एकेक जागा विचारली. तीनदा मी बरोबर सांगितली, तेव्हा ती पाय तसाच धरून रडायला लागली.

आता मी काठी न घेता बाजारात जातो. त्या बाईंचे आभार मानायला पत्र लिहायला बसलो तेव्हा काय लिहू ते सुचेना. शेवटी आईनं सांगितलं तेवढंच लिहिलं. तुम्ही बोट ठेवलंत, तिथे आता लागतं.