सोजराक्काचा धूर

सोजराक्का भेटली की आधी म्हणायची, "आ कर." ख्यालीखुशाली, पाऊसपाणी, लेकीबाळी, सगळं त्यानंतर. खटकचिंचोळीत आमच्या शाळेच्या वाटेवर तिचं घर होतं आणि ती दातातली कीड पाडायची. तापलेल्या लोखंडी पळीत भुईरिंगणीच्या बिया आणि चार थेंब तेल टाकायची, वर नरसाळं उपडं घालायची आणि पपईच्या देठाच्या नळीनं तो धूर दुखऱ्या दाढेवर सोडायची. माणूस खोकत, लाळ गाळत पाण्याच्या परातीवर वाकलेला असे. थोड्या वेळानं ती परातीतले बारीक पांढरे कण बोटावर घेऊन दाखवायची. "ही बघ कीड. किती दिस पोसलास रं हिला?" निर्णा, कोहिनूर अशा आसपासच्या गावांहून गाल सुजलेली माणसं तिच्याकडं यायची.

आमच्या बौद्धवाड्यातही ती तशीच यायची आणि कुणाच्याही तोंडाशी तोंड नेऊन आत बघायची. गावातल्या बाकीच्या शेतकरी घरांतल्या बायका तिला त्यावरून टोमणे मारत. ती म्हणायची, "आ केलं की समदे सारकेच दिसत्यात. तुमचं बी बघितलंय मी."

दुसऱ्यांना धूर दुखलं तरच, स्वतःला मात्र रोज. सोजराक्का बिड्या ओढायची, तेही ओट्यावर बसून, उघड. कुणी काही म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं. "कणगीत जवारी भरायच्या आदी लिंबाचा पाला जाळून धूर देतोस का न्हाई? मग तोंडाला कामून नगं? तोंड बी कणगीच हाय की." तिचे दात काळपट होते, पण सगळे जागेवर होते. आमच्या आईच्या हिरड्यांतून मात्र दात घासताना रक्त यायचं. अक्का तिला चिडवायची, "तुझ्या तोंडात कीड माजलीया गं. एक बिडी वढ, बघ कशी पळती." आई हसून दात घासायची राख थुंकायची, त्या राखेतही रक्त असायचं.

मी कलबुर्गीला दातांच्या डॉक्टरकीला लागले. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत पांढरा कोट मुद्दाम बरोबर घेऊन आले होते, कारण तो गावाला दाखवायचा होता. अक्का म्हणाली, "आता तू माझं बघ." तिनं आ केला. मी मोबाइलचा उजेड पाडला, एका काडीनं हिरडी दाबली आणि भारदस्त आवाजात निकाल दिला, "रक्त येत नाही. म्हणजे हिरड्या बऱ्या आहेत, अक्का." हिरड्यांचा धडा अजून दोन वर्षं लांब होता. मला काडीचं कळत नव्हतं, पण कोट अंगात होता.

ते वाक्य तिनं गावभर केलं. "डाक्टरीण सांगायलीया, बिडीनं हिरडी बरी ऱ्हाती." बिडीचं मी काही बोललेच नव्हते. पण दोन बायकांनी त्या भरवशावर बिडी धरली, हे मला आईकडून कळलं आणि तेव्हा मला हसू आलं. आज त्या हसण्याची चीड येते.

तिसऱ्या वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली एका बिडी ओढणाऱ्या माणसाच्या दातावरचा मळ बघितला. आपल्या तोंडात असंख्य जंतू राहतात आणि त्यांतले पुष्कळसे निरुपद्रवी, उलट राखण करणारे असतात. धूर कीड मारत नाही. तो त्या भल्या जंतूंना हुसकावतो आणि ज्यांना हवा नको असते, जे हिरडीखाली दडून हाड पोखरतात, त्यांना रान मोकळं करून देतो. वर बिडीनं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्तही येत नाही. आईचं रक्त ही हाक होती. अक्काच्या तोंडात ती हाकच दाबली गेली होती. आईचे दात मी कॉलेजात नेऊन साफ करून घेतले. तिचे सगळे दात आजही शाबूत आहेत.

अक्काला हे सांगायला गेले, तेव्हा तिचा पुढचा दात हलायला लागला होता. ती घाबरली होती. "धूर देणारीचेच दात पडले तर माझ्याम्होरं कोण आ करंल गं, वैशे?" तिच्या परातीतले किडे म्हणजे त्या बियांचेच तुकडे असतात, हे मला तोवर ठाऊक झालं होतं. ते मी बोलले नाही. बिडीचं तेवढं बोलले. तिनं माझ्यासमोर बिड्यांचा कट्टा चुलीत टाकला. मी जग जिंकल्यासारखी कलबुर्गीला परतले.

एक गोष्ट तिला सांगायची राहिली. बिडी सुटली की हिरडी जागी होते आणि तेव्हा आधी रक्त दिसायला लागतं. महिन्याभरानं आईच्या फोनवर अक्का होती.

"वैशे, रगत यायलंय! बिडी सोडली आन् कीड उठली बघ."

"अक्का, हे चांगलं लक्षण आहे. घाबरू नको, बिडी धरू नको."

"रगत चांगलं? मग तवा कामून म्हणालीस, रगत न्हाई म्हंजे हिरडी बरी? दोन्ही कसं खरं आसंल?"

मी फोनवर धडा वाचल्यासारखी बोलत राहिले. तिनं फोन आईकडं दिला. मी सुट्टीवर आले तेव्हा ती ओट्यावर बिडी ओढत बसली होती. मला बघून तिनंच आ केला. "बघ. बंद झालं." त्यानंतर माझं तिनं काही ऐकलं नाही, आणि तिला दोष तरी कुठल्या तोंडानं देऊ?

भालकीत दवाखाना टाकला तेव्हा पहिल्या वर्षीच ती आली. सगळे दात खिळखिळे झाले होते. हाडच उरलं नव्हतं. चार खेपांत मी ते सगळे काढले. बहुतेक नुसते चिमट्यात धरले की हाती येत. मग तिच्या ओट्यावर कुणी येईना. पळी, नरसाळं तिनं माळ्यावर टाकलं. गेल्या वर्षी ती गेली.

मला ती खुर्चीतली शेवटची खेप आठवते. शेवटचा दात काढला आणि मी कापूस दाबून धरायला दिला. थोड्या वेळानं तिनं तो काढून उजेडात धरला. जेमतेम गुलाबी होता.

"रगत न्हाई," ती बोळक्या तोंडानं म्हणाली. "हिरड्या बऱ्या हायत, न्हाई का गं?"

मी म्हणाले, "व्हय, अक्का." तिच्या तोंडात आता एकही दात नव्हता. माझं वाक्य तेवढं शाबूत होतं.