निळा, हिरवा आणि सोनलची पत्रिका

आधी कबूलच करते. आमच्या कंप्युटरमध्ये पहिल्यांदा अँटीव्हायरस टाकला, तेव्हा मी दिवसभर त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. लस टोचल्यावर बाळाला ताप येतो ना, तसं मशीन जरा गरम लागत होतं. मी त्याच्याकडे टेबलफॅनसुद्धा वळवून ठेवला. आणि गावात मला म्हणतात कंप्युटरवाल्या वहिनी! तेव्हापासून असले किस्से आमच्याकडे दारामागच्या पिशवीतल्या पिशव्यांसारखे झालेत. जमवत कुणी नाही, पण हात घातला की दहा निघतात.

*

कर्जतपासून आत आमचं गाव. नवरा रसायनीला कंपनीत, मी घरी बसून लग्नपत्रिका टाइप करून देते. तर त्या फुकटवाल्या अँटीव्हायरसची मुदत संपली आणि दर दहा मिनिटांनी स्क्रीनवर लाल पाटी यायला लागली. मी बंद करायची, ती परत यायची. आमचे सासरे, नाना, शेजारी बसून चार दिवस हे बघत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, त्याला काय पायजे ते एकदा इचार तरी."

*

नवीन कुठला घ्यायचा, हे नवऱ्याने कंपनीच्या कँटीनमध्ये विचारलं. दोन दिवसांची जेवणं त्यावर गेली. कुणी म्हणे हा हलका आहे, कुणी म्हणे तो कडक आहे. तिसऱ्या दिवशी नवरा घरी आला तो निर्णय घेऊनच. "सगळ्यांचं मत पडलं, कंप्युटर लावूच नको."

*

मग नातेवाईक उतरले. माझा भाऊ सचिन साजगावला कारखान्याच्या ऑफिसात आहे. त्याने निळ्या डब्यातला आणून दिला. दुसऱ्याच दिवशी माझ्या नणंदेचे यजमान, प्रकाशदाजी, हिरव्या डब्यातला घेऊन हजर. त्यांचं कर्जतला कंप्युटरचं दुकान आहे. सचिनचं म्हणणं, "ताई, हिरवा नुसता बोंबलतो, पकडत काय नाय." दाजींचं म्हणणं, निळा मशीनला खाली बसवतो.

आता दाजी म्हणजे घरचे जावई. जावयाने आणलेली वस्तू परत केली तर पुढचे तीन गणपती ते आपल्याकडे फिरकत नाहीत. आणि माहेरचं परत केलं तर आई फोनवर नुसती "बरं" म्हणते, ते त्याहून वाईट. म्हणून मी दोघांचा मान राखला. दोन्ही टाकले.

*

पहिल्याच तासात निळ्याने हिरव्याला संशयित ठरवलं. हिरव्याने लगेच निळ्याला. मशीन इतकं मंदावलं, की बटण दाबून मी कुकर लावायची आणि दुसरी शिट्टी झाली की पासवर्ड टाकायची.

*

खरी कसरत म्हणजे पाहुणे आल्यावर. खालच्या कोपऱ्यात दोघांची चिन्हं शेजारी शेजारी दिसायची. दाजी येणार असले की मी निळ्यावर टिकली चिकटवायची. सचिन येणार असला की काढून हिरव्यावर. एकदा दाजींनी विचारलं, "वहिनी, ही टिकली कसली?" मी म्हटलं, नजर लागू नये म्हणून. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दुकानातल्या तिन्ही कंप्युटरना टिकल्या!

*

आणि मग सोनलचं लग्न ठरलं. सोनल म्हणजे दाजींचीच मुलगी. पत्रिका अर्थात मी करायची. आमच्याकडे पत्रिका टाइप करायला एक तास लागतो, नावांचा क्रम लावायला चार संध्याकाळी. थोरले चुलते वर का मामा वर, यावर दोन माणसं जेवणावरून उठली होती, त्यांना गोठ्यापासून परत आणलं होतं. शेवटी क्रम ठरला, मी टाइप केला, इंटरनेटवरून फुलांची एक फुकट बॉर्डर उतरवून चिकटवली. प्रेसवाल्याला सकाळी अकराला फाइल हवी होती. साडेनऊला बघते तर फाइल गायब. पेनड्राइव्हवरची कॉपीही गायब. क्रमाचा कागद मी कधीच चुलीत घातला होता, पुन्हा वाद नको म्हणून.

मी दोघांनाही फोन केला. दोघं एकदमच आले, त्यामुळे टिकली कुठे लावायची हा प्रश्नच उरला नाही. दाजींनी निळा पाहिला, सचिनने हिरवा. पण भांडायला वेळ कुणाला होता? दाजींना घाम फुटलेला. "वहिनी, परत बैठक लावायची झाली तर मी पोरीला पळून जायला सांगतो."

एका स्टुलावर दोघं अर्धे अर्धे बसले. शोधता शोधता कळलं, की कंप्युटरमधली पत्रिका हिरव्याने कोंडून ठेवली होती आणि पेनड्राइव्हवरची निळ्याने. दाजींनी आणि सचिनने ती सोडवली, बॉर्डर काढून टाकली, तपासली आणि अकराला पाच कमी असताना प्रेसला पाठवली. मग मी चहा टाकला.

नाना ओटीवर वाल सोलत होते. मी त्यांना म्हटलं, "नाना, एवढे दिवस या निळ्या-हिरव्याचं एका गोष्टीवर पटलं नाय. मग आपली पत्रिकाच दोघांना धोक्याची कशी काय वाटली?"

नानांनी शेंग सोलली, दाणे टोपात टाकले.

"वाचली आसंल."