नटावरची लाल रेघ

गाडी दारात आली की तो आधी बॉनेट उघडायचा आणि हाताची पालथी बाजू इंजिनाच्या झाकणावर टेकवायचा, लेकराचा ताप बघतात तशी. चटका बसला की गिऱ्हाइकावरच खेकसायचा, "गरम आहे. नाय होणार. सकाळी या." एखाद्यानं काही दाखवायला बोट पुढं केलं की ओरडायचा, "हात काढ!"

आम्ही त्याला मामा म्हणायचो. मुकुंदवाडीतल्या एका गॅरेजात टॅपेट सेट करायचं काम त्याच्याकडं होतं. फोनसुद्धा तो "जय भीम, बोला, नाय होणार" असा एका दमात उचलायचा. असा माणूस तुमच्याही बघण्यात असेल. गाडी त्याच्याकडंच न्यायची आणि परतताना त्याला शिव्या घालायच्या.

इंजिनातल्या प्रत्येक वाल्ववर केसाएवढी फट ठेवावी लागते. इंजिन तापलं की लोखंड फुगतं आणि माप बदलतं, म्हणून ती फट इंजिन थंड असतानाच मोजायची. हेच टॅपेट सेट करणं. फट जास्त झाली की टकटक वाजते. फट उरलीच नाही की आवाज जातो, पण वाल्व नीट मिटत नाही आणि हळूहळू जळतो. हे सगळं मला मामानं चिडत चिडत शिकवलं. "आवाज आला की लोकं घाबरतेत. गेला की पेढे वाटतेत. अरे, गेला तवा घाबरा की!"

माप जमलं, नट आवळला की तो खिशातून नेलपेंटची बाटली काढायचा आणि नटावरून स्क्रूवर एक बारीक लाल रेघ ओढायचा. पुढं कुणी नट हलवला तर रेघ तुटलेली दिसते.

"मामा, मामींना विचारून आणली का?" असं कुणी म्हटलं की पान्हा उगारायचा. "तिनंच दिली. तुला लावू? ये, नखं पुढं कर!"

मी तळकोकणातला. सातवीत शाळा सुटली, आंब्याच्या टेम्पोवर क्लीनर म्हणून इथं आलो आणि इथलाच झालो. चितेगावच्या कंपन्यांत कामगार सोडणारी दुसऱ्याची गाडी चालवायचो. गाडी बंद पडेल का, मालक काढून टाकेल का, खोली सोडायला लावतील का, मला सगळ्याचीच धास्ती. पहिल्या दिवाळीला घरी जेवायला नेलं ते मामानंच. वाढतानाही ओरडत होता, "पोटभर खा ना! कोण मोजतंय?"

मग मी स्वतःची गाडी घ्यायची ठरवली. गॅसवर चालणारी जुनी व्हॅन. एवढ्या वर्षांची सगळी शिल्लक तिच्यात जाणार होती. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याचा माणूस ती घेऊन गॅरेजात आला आणि म्हणाला, "आवाज ऐका मामा. मलई आहे, मलई!"

मी खूश होतो. मामानं कान दिला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "ही गाडी मागं मीच सेट केली व्हती. तवा बोलत व्हती. आता एवढी गप का?"

गाडी रात्रभर तिथंच ठेवली. सकाळी त्यानं झाकण काढलं आणि मला जवळ ओढलं. प्रत्येक नटावर त्याची लाल रेघ होती आणि प्रत्येक रेघ तुटलेली होती. अर्धी नटावर, अर्धी भलतीकडं फिरलेली.

"कुणी केलं हे?"

गॅरेजचा मालक चहा पीत होता. "मी केलं. त्या व्यापाऱ्याच्या धा गाड्या येतात आपल्याकडं. गिऱ्हाईक आवाजाला भितं."

"हे पोरगं सारी कमाई घालणार हिच्यात. चार महिन्यांत वाल्व जळतील!"

"मग परत आपल्याकडंच येईल की," मालक हसला.

ते हसू आठवलं की अजून माझे दात आवळतात. मामा मात्र त्या वेळी ओरडला नाही. खाली बसला, फट मोजायच्या फिलर गेजची पाती एकेक करून फटीत सरकवत सगळे टॅपेट पुन्हा लावले आणि नव्या रेघा ओढल्या. मालक म्हणाला, "परत टाईट कर, नाहीतर पान्हा ठेव." मामानं पान्हा ठेवला. फिलर गेज स्वतःचं होतं, ते पुसून खिशात घातलं आणि गाडीची चावी माझ्या हातात दिली. "आता बोलती ही. वाल्व वाचलेत. भाव पाड, मग घे."

गाडी मी घेतली. पण राग गेला नाही. त्या मालकाचा राग, व्यापाऱ्याचा राग आणि खरं सांगू, मामाचासुद्धा. मी कुठं म्हटलं होतं माझ्यासाठी स्वतःच्या पोटावर पाय दे म्हणून? एवढं ऋण मी कुठं ठेवू? काही दिवसांनी फोन केला. "जय भीम, बोला, नाय होणार." मग माझा आवाज ओळखून म्हणाला, "थंड होऊ देतो ना तिला?" आणि ठेवून दिला. त्यानंतर नंबर बंदच. त्याच्या खोलीवर गेलो तर दुसरंच बिऱ्हाड. कुणी म्हणतं पुण्याकडं गेला, कुणी म्हणतं अजिंठ्याला सासुरवाडीत आहे.

परवा गाडी पुन्हा टॅपेटला आली. दुसऱ्या गॅरेजात नेली. मिस्त्रीनं तापल्या इंजिनावरच पान्हा लावला. "भाऊ, आवाजच बंद करून देतो."

"हात काढ!"

अख्खं गॅरेज वळून बघायला लागलं. एवढ्या मोठ्यानं मी जन्मात कुणावर ओरडलो नव्हतो.

गाडी तिथंच सोडून मी मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या कटलरीच्या दुकानात गेलो आणि नेलपेंट मागितली. बाई म्हणाली, "वहिनींचा आवडता रंग कोणता, भाऊ?"

"लाल द्या," मी म्हणालो.

सकाळी इंजिन थंडगार होतं. मिस्त्रीनं माझ्यासमोर एकेक फट मोजली, नट आवळले. मी बाटली उघडली आणि मामाच्या जुन्या, आता तुटलेल्या रेघेशेजारी माझी ओढली. रेघ वाकडी आली, पण अखंड आली.