आसाराम गुरुजींची ट्रंक

कोल्हारच्या गोजरबाईनं आयुष्यात एकदाच कागदावर अंगठा उठवला होता. नवऱ्यामागं दिरानं "वारसाची नोंद हाय" म्हणून तो घेतला, आणि दोन एकर रान गेलं. तेव्हापासून कागदाचं नाव काढणारा माणूस तिच्या लेखी चोर. माहेरी येऊन तिनं धाकट्या भावाला, आसारामला शिकवलं. तो शाळेत गुरुजी झाला, पण लग्न केलं नाही. संध्याकाळभर लिहीत बसायचा. पोरांचे पेपर तपासतोय, अशी तिची समजूत.

त्र्याहत्तरच्या संक्रांतीनंतर गुरुजी वर्गातच छातीत कळ येऊन गेले. तेरावा उरकला आणि दोन अनोळखी माणसं दारात आली. साखर कारखान्यातला फिटर राधाकृष्ण आणि राहात्याची नर्स लंकाबाई.

"आक्का, आम्ही गुरुजींचे वाचक," राधाकृष्ण म्हणाला.

"वाचक? ह्ये कंचं खातं?"

त्यानं समजावलं. गुरुजी दिवाळी अंकांत चंद्रावरच्या, मंगळावरच्या माणसांच्या गोष्टी लिहायचे, लोक त्यांची वाट बघायचे. न छापलेल्या गोष्टी घरात असतील तर बघायच्या होत्या. गोजरबाईनं भावाची ट्रंक ओढली आणि तिच्यावरच ठाण मांडलं.

"मी एकदा पत्र टाकलं होतं," लंकाबाई म्हणाली. "चार पानी उत्तर आलं."

"चार पानं? माझ्यासंगं दिसाला चार शब्द बोलत न्हवता त्यो. तुझं त्याचं नातं काय?"

"नातं कसलं, आक्का? मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

गोजरबाई हलली नाही. अंगठा घेताना दीरही असाच रडला होता.

मग राधाकृष्णनं गुरुजींची आपल्या आवडीची गोष्ट सांगितली. मंगळावर गेलेल्या यानात पाणी थोडं उरतं. पिंपावर एक म्हातारी पहारा देते, कप्तानालाही जास्तीचा घोट देत नाही. तिच्यामुळंच सगळे जिवंत परततात. "तिचं नाव आक्का."

गोजरबाई फणकारली, "माझं नाव टाकताना मला इचारलं हुतं का त्यानं?"

पण ती ट्रंकेवरून उठली. कागद घराबाहेर जाणार नव्हता. उतरून घ्यायचं ते तिच्या पुढ्यात, ओट्यावर बसून. दर रविवारी दोघं येत. राधाकृष्णनं लिहिलेलं ती लंकाबाईकडून वाचून घेई, लंकाबाईचं राधाकृष्णकडून, तेही दुसऱ्याला विहिरीवर पाणी आणायला धाडून. अक्षराची अफरातफर सापडते का, हे ती कान टवकारून ऐके.

सातव्या रविवारी लंकाबाई वाचता वाचता घड्याळ बघून थांबली. तिची एस.टी. चुकणार होती.

"आर्ध्यात कुटं चालली?" गोजरबाई कडाडली. "त्या मान्साचं यान उतरलं का न्हाई, ते सांगून जा."