कापशीला डहाणूला नेलं तो दिवस

लहान्याचा बाप घोलवड स्टेशनवर माल पोचवणारी घोडागाडी हाकायचा. मुंबईहून मालाचा पहिला ट्रक आला तेव्हा लहान्या नुकता पावलं टाकू लागला होता, असं त्याची आई सांगायची. त्यानंतर स्टेशनवरच्या गाड्या एकेक करून मोडल्या. पण ट्रकला चिकूच्या वाडीत शिरता यायचं नाही. फांद्या जमिनीला टेकलेल्या आणि वाट जेमतेम एका गाडीची. म्हणून झाडापासून सडकेपर्यंतचं काम घोड्याकडेच राहिलं आणि बापामागे ते दौलत राऊतांच्या वाडीत लहान्याकडे आलं. साठी उलटली तरी तो तेच करत होता. शेवटची चौदा वर्षं त्याच्या गाडीला कापशी होती. पिंजलेल्या कापसासारखी पांढरी घोडी, म्हणून कापशी.

२०१५च्या दिवाळीत दौलतशेटच्या मुलाने, जतीनने, फांद्या छाटल्या, वाट रुंद केली आणि टेम्पो आणला. कापशीच्या चार खेपांचा माल टेम्पो एका खेपेत नेऊ लागला. लहान्याला कुणी कामावरून काढलं नाही. शेडमध्ये बायकांच्या ओळीत चिकू निवडायला बसवलं. त्याची बायको भिकी वर्षानुवर्षं तिथेच बसायची. लगाम धरून घट्टे पडलेली त्याची बोटं पिकल्या चिकूत रुतायची, तेव्हा ती त्याच्या हातातलं फळ काढून घ्यायची आणि कसं धरायचं ते पुन्हा दाखवायची. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, पण दिवसभर दोघं शेजारी बसली ती आत्ताच. भिकीला ते आवडलं होतं. तसं ती बोलली नाही, पण भाकरीसोबत तळलेला बोंबील नेमाने येऊ लागला.

घोडीचं काय करायचं, हे मात्र कुणाला सुचत नव्हतं. कापशी सकाळी आपणहून गाडीच्या जुवाशी जाऊन उभी राही. लहान्या तिची मान थोपटून तिला परत आणी. बिनकामाच्या जनावराला शिवाय बांधूनही ठेवायचं, हे त्याच्या जिवावर यायचं. म्हणून त्याने तिला वाडीत मोकळं सोडायला सुरुवात केली.

फाल्गुनातल्या एका दुपारी भिकी पाणी प्यायला शेडमागे गेली आणि धावत आली. टाकाऊ चिकूंचा ढीग तिथे उन्हात आंबत पडला होता. त्याच्याजवळ कापशी आडवी झाली होती. पाय झाडत होती, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. तोंडाला चिकूचा लगदा लागलेला. लहान्याने तो पाहिला आणि त्याला सगळं उमगलं. त्याने तिला कसंबसं उभं केलं, पण तिचे पाय लटपटत होते.

जतीनने डहाणूच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. एक म्हैस अडली होती, त्यांना हलता येत नव्हतं. घोडीला इकडे आणा, तेही लवकर, असं ते म्हणाले. टेम्पो दारातच होता, पण तो भरलेला होता. दिल्लीला जाणारा ट्रक तासाभरात सडकेवर येणार होता. जतीन टेम्पोचं फळकं उघडून चिकूने भरलेली कॅरेट खाली ठेवू लागला.

दौलतशेट ओटीवरून उठून आले. दिल्लीचा माल आहे, याची त्यांनी मुलाला आठवण करून दिली.

"माल उद्या जाईल, पप्पा," जतीन म्हणाला. "ती उद्यापर्यंत थांबायची नाही."

दौलतशेट क्षणभर घोडीकडे बघत राहिले. मग त्यांनी धोतर खोचलं आणि पलीकडून कॅरेट धरलं.

टेम्पो मागे घेऊन उंच बांधाला लावला. लहान्याने आपला सदरा काढून कापशीच्या डोळ्यांवर बांधला आणि कानाशी बोलत बोलत तिला आत नेलं. तोही तिच्याबरोबर मागे उभा राहिला, तिच्या मानेखाली खांदा देऊन. टेम्पो हलला तशी ती थरथरली. रस्ताभर तो तिला वाट सांगत होता. हे चिखले आलं, ही सुरूची झाडं, हे नरपड, आता थोडंच राहिलं. जतीन इतका सावकाश हाकत होता की सायकलवाले पुढे जात होते. प्रत्येक खड्ड्याआधी वेग कमी होई आणि चाक अलगद उतरे. लहान्याला कळलं की पोरगा गचके मोजतोय. चार महिने त्याच्या मनात जतीनबद्दल जे साचलं होतं, ते त्या रस्त्यावर हळूहळू निवळलं.

डॉक्टरांनी सुई दिली, नाकातून नळी घालून तेल सोडलं आणि सांगितलं, बसू देऊ नका, फिरवत राहा. लहान्याने फिरवलं. तो दमला की जतीन मोहरकीची दोरी धरी. एकदा लहान्या भिंतीशी टेकून खाली मान घालून म्हणाला की बांधून ठेवली असती तर हे झालं नसतं, चूक माझीच.

"ढीग माझा होता, काका," जतीन म्हणाला. "आणि तिला रिकामी मीच केली."

ऊन उतरता उतरता कापशीने लीद टाकली. पोट मोकळं झालं, असं म्हणत डॉक्टर हसले. लहान्या मात्र तिच्या गळ्यात हात टाकून रडला आणि जतीनने पाठ फिरवून त्याला रडू दिलं.

त्या पावसाळ्यात टेम्पो वाडीतल्या चिखलात दोनदा रुतला. तेव्हा जतीनने ठरवलं, पावसाचे महिने आतल्या ओळींतला माल घोडीने सडकेपर्यंत आणायचा, तोही निम्मीच गाडी भरून. कापशी तसे दोन पावसाळे चालली. २०१८च्या जानेवारीत, थंडीतल्या एका सकाळी ती उठली नाही. वाडीच्या कडेला, ताडाखाली तिला पुरलं. खड्डा खणायला दौलतशेटही आले होते.

दुसरं घोडं बघू या का, असं जतीनने विचारलं. लहान्याने नको म्हटलं. नव्या जनावराला वाट शिकवायला वर्षं लागतात, तेवढी आता माझ्याकडे नाहीत, एवढंच बोलला. घोडागाडी त्याने जतीनकडून मागून घेतली, घरामागे लावली आणि भिकीने तिच्यावर कारल्याचा वेल चढवला. त्या वर्षी कारली इतकी आली की शेडमधल्या सगळ्या बायकांना पुरली.