तिजोरीचे नाव पीटर

शुवैख बंदरातले ते प्रकरण इतक्या वर्षांनीही माझ्या डोळ्यांसमोर आहे. मुंबई पोलिसातली नोकरी सोडून मी पन्नासच्या दशकात कुवेतच्या बंदर-सुरक्षेत तपास अधिकारी म्हणून लागलो होतो. एका गोदामाच्या कचेरीतली तिजोरी फोडून कोणीतरी एका व्यापाऱ्याचे मोती पळवले.

खबर दिली कॅन्टीनच्या आचाऱ्याने. तो रत्नागिरीकडचा मुसलमान. चोरीच्या आधी दोन इंग्रज वेल्डर जेवताना ‘पीटर’बद्दल कुजबुजत होते, असे तो म्हणाला. गोदामाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या गोव्याच्या कारकुनाचे नाव पीटरच. किल्ली यानेच दिली असे धरून माझ्या वरिष्ठांनी त्याला कोठडीत टाकले. गुन्हा शाबीत झाला असता तर तुरुंग आणि मग हद्दपारी. त्याची बायको रोज चौकीच्या दारात येऊन उभी राहायची. वेल्डर मात्र गोरे. पुराव्याशिवाय त्यांना हात लावता येत नव्हता.

पीटरचे उत्तर एकच, “साब, चाबी मेरे पास थी, पर मैंने किसी को दी नहीं.” खोटे बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो. याने घातली नाही.

मी आचाऱ्याला पुन्हा बोलावले. “चाचा, अर्थ सांगू नका. कानावर पडलं तेवढंच सांगा.”

“पीटर ओल्ड, बॅक वीक, असाच बोलत होते, सायब.”

पीटर म्हातारा आणि पाठीने कमजोर? कारकून तर पंचविशीतला, धडधाकट. तिजोरी मात्र जुनी होती आणि मागच्या पत्र्यातून कापलेली होती. तेव्हा मला मुंबईच्या गोदीत पकडलेला लंडनचा एक चोर आठवला. आपल्याकडचे चोर पोलिसाला मामा म्हणतात, तशी त्यांचीही जुनी बोली. चोरीचा माल घेणारा ‘फेन्स’, बनावट किल्ली ‘स्क्रू’ आणि तिजोरी म्हणजे ‘पीटर’, हे त्यानेच मला सांगितले होते.

थोरल्या वेल्डरला मी चहाला बोलावले. सिगारेट दिली आणि सहज इंग्रजीत विचारले, “पीटरचं वय काय असेल हो?”

“चाळीसच्या पुढे. असे आता कोणी बनवत नाही,” तो म्हणाला आणि चहा अर्धाच टाकून उठला.

त्याचे हे वाक्य ऐकवताच धाकट्याने बनावट किल्लीसकट सगळे सांगितले. मोती वेल्डिंगच्या सळ्यांच्या डब्यात मिळाले. तेव्हा तिथे इंग्रजांचे खटले इंग्रज अधिकारीच चालवत, म्हणून दोघांना त्यांच्या ताब्यात दिले.

पीटर सुटला. पण गोदामाच्या मालकाने त्याला कामावर परत घेतले नाही. बायकोला घेऊन तो मुंबईच्या बोटीत बसला.

आचारी खोटे बोलला नव्हता. त्याने ऐकलेला शब्द खरा होता. त्याला माणूस आम्ही जोडला. तेव्हापासून जबानी घेताना मी आधी शब्द जसेच्या तसे घेऊ लागलो, अर्थ नंतर. निरपराध माणूस आत जायला खोटी साक्षच लागते असे नाही.